आत्या, मी महाडलाच राहतेय

महाड,
जुलै २०२५

ती. आत्यास,


तुझं पत्र पोचलं, त्यातलं जर्मन भाषेच्या वर्गाचं माहितीपत्रकही वाचलं. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार माणसं तिकडे घेणार आहेत आणि त्यांत नर्सना मागणी आहे, हे आम्हाला कॉलेजातही सांगितलं होतं. माझ्या बरोबरीच्या काही जणी त्या वर्गाला जातात. कुणाच्या घरावर कर्ज आहे, कुणाच्या मागे शिकणारी भावंडं आहेत. त्यांनी जावं, चार पैसे कमवावेत, मानाने राहावं असं मला मनापासून वाटतं. मी मात्र इथेच राहतेय. का, ते फोनवर नीट बोलता येत नाही, बाबा शेजारी असले की मुळीच नाही, म्हणून लिहायला बसले.

नर्सिंगला का आलीस असं कुणी विचारलं की आम्ही सगळ्या 'सेवेची आवड' म्हणून मोकळ्या होतो. मुलाखतीत मीही तेच म्हटलं होतं. पण खरं कारण २०२१ च्या जुलैतलं आहे.

२२ जुलैला काय झालं ते तू मुंबईत टीव्हीवर पाहिलंस. सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला, आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरड कोसळली. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत. माझा बारावीचा निकाल लागायचा होता. आमच्या वाडीतली माणसं शाळेत आणून ठेवली होती. पुढे मदत खूप आली, धान्य आलं, चादरी आल्या. पण सगळ्यांच्या आधी आली ती उपकेंद्रातली आरोग्यसेविका, आशाताईला बरोबर घेऊन, चिखल तुडवत. कोण गरोदर आहे? बीपीच्या, साखरेच्या गोळ्या कुणाच्या घरात राहिल्या? कुणाला जखम आहे? धनुर्वाताचं इंजेक्शन, लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी, पाण्याच्या पिंपात मेडिक्लोर, आणि प्रत्येकाचं नाव वहीत. माणसं रडत होती, ओरडत होती. ती पाठीवर हात ठेवायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. कोपऱ्यात एक आजी भिंतीला टेकून गप्प बसली होती. तिच्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. ही बाई सरळ तिच्याकडे गेली, नाडी धरली, पावलांना हात लावला आणि म्हणाली, "हिला आधी न्यायचं."

एवढ्या गर्दीतून तिने नेमकी ती आजी कशी निवडली? मला ते शिकायचं होतं, आत्या. म्हणून मी नर्सिंगच्या जीएनएम पदविकेचा फॉर्म भरला.

शिकायला लागल्यावर कळलं की या विद्येचं फार मोठं काम इथे महाड तालुक्यातच झालंय. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी तांबड्या विंचवाने अंगात विष भिनलेले रुग्ण, त्यांतही लहान मुलं, डोळ्यांदेखत जायची. शंभरातली तीस-चाळीस. यावर ठोस उपचार कुणालाच माहीत नव्हता. डॉक्टर रुग्णाच्या खाटेशेजारी रात्ररात्र बसले, दिसेल ते टिपत गेले. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, आधी चढणारं आणि मग उतरणारं बीपी, शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस. १९८२ मध्ये ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही बीपीची साधी, स्वस्त गोळी वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुला ठाऊक असेलच.

त्यांच्या टिपणांतली एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. चावल्या जागी आग होते म्हणून जो गुरासारखा ओरडतो, तो बहुतेक वेळा वाचणारा असतो. ज्या मुलाला फारसं दुखत नाही, जे घामाने भिजून गप्प पडलंय, त्याच्या जिवाला धोका असतो. शाळेतल्या त्या आजीचं कोडं मला तिथे सुटलं.

आता इथल्या रुग्णालयाच्या वॉर्डात माझं काम काय असतं सांगू? भात झोडपायच्या, पेंढा हलवायच्या दिवसांत विंचू चावलेला रुग्ण आला की प्राझोसिनची गोळी दिल्यावर त्याला उठू द्यायचं नाही, कारण बीपी एकदम पडतं. दर अर्ध्या तासाला बीपी, नाडी, श्वास. तीन तासांनी पुन्हा गोळी, हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. गोळी डॉक्टर लिहितात, पण पाय गरम झाले का हे हात लावून बघणारी मी असते. साप चावलेला आला तर दोन मिली रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं समजायचं आणि प्रतिविष सुरू. ती नळी साबणाने धुतलेली चालत नाही, चाचणी चुकते. नातेवाईक चिडतात, "रक्त काढून नुसतं ठेवलंय!" त्यांना समजावत घड्याळाकडे बघत राहायचं. आणि मण्यार तर अजब. दंश दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस येतो, पापण्या जड झालेल्या असतात. रात्री जमिनीवर झोपला होतास का, हा एक प्रश्न कुणीतरी विचारावा लागतो.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपासून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब. पावसात घाट बंद झाला की विषयच संपला. तेवढ्या वेळात रुग्णाजवळ जी असेल, तिला किती कळतं यावर सगळं असतं. म्हणून मला इथे राहायचंय.

अवघड आहेच. रात्रपाळीला खाटा जास्त आणि आम्ही कमी. नोकरी कंत्राटी, तिचं नूतनीकरण दरवर्षी धाकधुकीने बघायचं. काकू म्हणते, रात्रीबेरात्री बाहेर राहणाऱ्या मुलीला स्थळ कोण आणणार. तिला काय सांगायचं ते तूच सांग, तू सांगितलेलं तिला पटतं. चवदार तळ्याच्या या गावात १९२७ साली बाबासाहेबांनी हजारो माणसांसह ओंजळभर पाणी घेतलं, त्याला शंभर वर्षं व्हायला आली. तरी अधूनमधून एखादी म्हातारी सुई टोचायच्या आधी माझं आडनाव विचारते. मी सांगते आणि हात पुढे घे म्हणते. घरी जाताना तीच माझ्या गालावरून हात फिरवते. हा बदल बोलून झाला नसता, हाताने झाला. मला या कामाचा अभिमान वाटतो तो यासाठीही.

पुढचंही ठरवलंय. दोन वर्षं अनुभव घेऊन नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम करायचा आणि पोलादपूरच्या डोंगरातलं उपकेंद्र मागून घ्यायचं. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, म्हणजे त्या तीन हजार माणसांना मी नावानिशी ओळखू शकते. प्रत्येक दंशाची नोंद ठेवायची आहे: किती वाजता, कुठे, काय करताना, दवाखान्यात किती वेळाने आला, आधी भगताकडे किती वेळ गेला. दहा वर्षांची अशी वही झाली की कुठल्या वाडीत कुठल्या महिन्यात काय लागतं ते कागदावर दाखवता येईल, औषध आधीच मागवता येईल. बिरवाडीत बसून टिपलेलं 'लॅन्सेट'पर्यंत गेलं. मग डोंगरातल्या नर्सची वही निदान जिल्हा परिषदेपर्यंत जायलाच हवी.

तू तीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळलास. बाळंतीण रक्ताने रिकामी होत असते तेव्हा बीपी उतरायच्या आधी नाडी पळायला लागते, हे पुस्तकात वाचायच्या आधी मी तुझ्या तोंडून ऐकलंय. यंदा गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. आपल्या खोऱ्यातल्या आशाताईंना मी घरी बोलावते. भिजलेल्या कपड्यावरून रक्तस्राव किती झाला ते कसं ओळखायचं, एवढं त्यांना शिकवून जा.

तुझी भाची