बाहेरचे कोण?

स्थलांतराचा धडा आम्ही नववीला पुस्तकातूनच शिकवीत असू. एकदा एक विद्यार्थी सिंधी व्यापाऱ्यांना सहज ‘बाहेरचे’ म्हणून गेला. तेव्हा आम्ही वर्गाला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात नेले. १९४३ ते १९४८ या काळात येथे, वळिवडे छावणीत, पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहिले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबे आली.

त्या विद्यार्थ्याने एका वृद्ध कापडदुकानदारांना विचारले, “आजोबा, तुमचं गाव कुठलं?”

“जन्म सिंधमधला. गाव हेच. आणि तुझं?”

“इथलंच... म्हणजे, माझे आजोबा विजापूरहून आले.”

आजोबा हसले, त्यांनी मुलांना पाणी दिले. ‘निर्वासित’ या शब्दाची व्याख्या आम्ही इतकी वर्षे लिहून देत आलो होतो. भेट मात्र कधी घडविली नव्हती.