यूसी, क्रेट आणि धानाचे पैसे

करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा

चि. भाच्यास,


गेम बनवणाऱ्या कंपनीत तू रुजू झालास, हे ताईकडून कळलं. खेळातल्या छोट्या-छोट्या खरेदीवरून जगभर चाललेल्या वादाला आता तुझाही हात लागणार, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स हे खेळ फुकट मिळतात म्हणूनच करडीच्या पोरापर्यंत पोचतात. कन्सोल आणि त्यावरचा हजारोंचा गेम त्याला कोण घेऊन देणार? सर्व्हरचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. हौस असेल त्याने स्किन, म्हणजे नुसती सजावट, घ्यावी, बाकीच्यांनी फुकट खेळावं.

घोळ होतो तो रुपया दिसेनासा होतो तिथे. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा खेळाडू खवळले होते. एक्सबॉक्सवर तर त्याची किंमत लिहिली होती २०० पॉइंट. आज पोरांच्या तोंडी यूसी आणि डायमंड ही खेळांतली चलनं असतात. आधी रुपयांचे यूसी घ्यायचे, मग यूसी देऊन क्रेट नावाची पेटी उघडायची, आणि आत काय निघेल ते नशिबावर. एवढ्यानंतर बारा वर्षांच्या मुलाने खर्चाचा हिशेब ठेवायचा कसा?

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या मुलाने पब्जीपायी आईच्या खात्यातले १० लाख रुपये घालवले. घरचे रागावले तसा तो निघून गेला. पोलिसांना अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. अशा वेळी सगळे मुलाच्या व्यसनावर बोलतात. खरेदीचं बटण कुणी, कसं रचलं, हे विचारायला हवं.

अमेरिकेत ते विचारलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइटच्या एपिक गेम्स कंपनीला ग्राहकांच्या परतफेडीसाठी २४.५ कोटी डॉलर द्यायला लावले. वस्तू नुसती पाहताना शेजारचं बटण दाबलं गेलं, तरी पैसे कापले जात होते! बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना, म्हणजे अशाच क्रेटना, जुगार ठरवलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले, हे चांगलंच झालं. पण क्रेटमधून रोख रक्कम निघत नाही, निघते ती रंगीत बंदूक. म्हणून आपण त्या कायद्याबाहेर आहोत, असं कंपन्यांना म्हणता येतं. बीजीएमआयने २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर केली, ती दिवसाला ७,००० रुपये. साध्या धानाचा २०२५-२६ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे जवळपास तीन क्विंटल धान, एका दिवसात. इकडे धानाचा चुकारा ज्या खात्यात जमा होतो, त्याचं यूपीआय घरातल्या एकुलत्या फोनवर असतं, आणि संध्याकाळी तोच फोन पोराच्या हातात. पिन त्याला पाठच असतो, कारण बापाचा रिचार्जही तोच मारून देतो.

तू नोकरी सोड, असं मी म्हणणार नाही. स्किन विका, पण बटणावर यूसीसोबत रुपयेही लिहा, आणि लहान मुलांना क्रेट विकूच नका. तुमच्या बैठकीत हे एकदा मांड, आणि काय उत्तर मिळालं ते कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा