गोधडीवरचा रस्ता

मावशीच्या इमारतीसमोरच दुधाचं दुकान आहे, पण रात्री आठनंतर ती मागून वळसा घालून जाते. "जिन्याखालचा दिवा गेलाय," एवढंच सांगते.

मावशी मूळची अमळनेरची. लग्न होऊन सुरतेत आली ती तापीकाठच्या झोपडपट्टीत. २००६ च्या ऑगस्टमधल्या पुरात घर गेलं, पुढे कोसाड आवास या पुनर्वसन वसाहतीत पक्की खोली मिळाली. छत गळत नाही याचं तिला आजही अप्रूप आहे. पण काठावर दाराला दार होतं. भांडं पडलं तरी शेजारीण डोकावायची. इथे जिना, आणि जिन्यावर बंद दारं. घरं हलवताना शेजार मात्र मागेच राहिला.

अशा वस्त्यांमध्ये बायकांच्या सुरक्षिततेसाठी भिंती रंगवायच्या म्हटलं की बहुतेकदा झाशीची राणी किंवा दुर्गा निघते. मला ती चित्रं खटकतात. जी घाबरलीय, तिलाच ती शूर व्हायला सांगतात. अंधाराबद्दल काही बोलत नाहीत. सुझान लेसी या कलाकारानं १९७७ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये वेगळं केलं होतं. पोलिसांकडून रोज माहिती घेऊन तिनं शहराच्या नकाशावर बलात्काराच्या प्रत्येक जागी लाल शिक्का मारला, आणि प्रत्येकाभोवती नऊ फिकट शिक्के. ते कधीच न नोंदल्या गेलेल्या बलात्कारांचे. आपल्याकडे धारावीत, २०१५ मध्ये 'स्नेहा' संस्थेनं भरवलेल्या बिनाले या कलाप्रदर्शनात, बायकांनी कापड जोडून आपल्या वस्तीचा नकाशाच शिवला आणि हिंसेच्या जागा त्यावर दाखवल्या.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती साडीला लेस लावत होती. घरबसल्या मिळणारं काम. साडीमागे मोजके रुपये. शेजारच्या तिघी धागे कापायला बसल्या होत्या. मावशीनं जुनं लुगडं जमिनीवर पसरलं, शिंप्याचा खडू घेतला. "ही आपली इमारत. हा नळ." मग कोणी रिक्षा थांबते ती जागा काढली, कोणी भिंतीचं भगदाड. खडू हातोहात फिरू लागला. कुठे घाई करायची, कुठे फोन कानाला लावल्याचं सोंग करायचं, कुठे चपला हातात घेऊन पळायचं, हे सगळं त्यांना पाठ होतं. एकमेकींना ते कधी सांगितलं मात्र नव्हतं.

कॉलेजात जाणारी एक मुलगी दारात उभी होती. ती आली, वाकली आणि शाळेमागच्या गल्लीवर एक छोटी फुली मारली.

"इथे? कधी?" तिच्या आईनं विचारलं.

"आठवीत असताना."

कोणीच काही बोललं नाही. आईनं लाल दोरा घेतला, सुईत ओवायला लागली. दोन वेळा चुकला. तिसऱ्यांदा मुलीनं ओवून दिला, आणि आईनं त्या फुलीवर पहिला टाका घातला.