ज्वारीच्या माहेरचं माणूस

इंजेराला घाई खपत नाही. पीठ कालवलं, तवा तापवला आणि गरमगरम ताटात वाढला, असा तो नाही. पिठात पाणी पडल्यापासून ताटात उतरेपर्यंत त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात कोणी उगाच झाकण उघडून बघितलेलं त्याला आवडत नाही. कोपऱ्यात झाकून ठेवला की आपला आपण फुगतो, बुडबुडे सोडतो, पीठ तळाशी बसवून वर पिवळसर पाणी आणतो. मग त्याचा आंबूस वास स्वयंपाकघराच्या बाहेर पडतो आणि दारात आलेला माणूस विचारतोच, काय चाललंय म्हणून.

त्याचं, म्हणजे या आंबवलेल्या भाकरीचं, मूळ घर इथिओपिया आणि शेजारचा एरिट्रिया. तिथे तो दोन्ही वेळच्या जेवणाचा मालक. खानदानी इंजेरा टेफचा असतो. टेफ म्हणजे खसखशीएवढ्या बारीक दाण्याचं एक धान्य, तिथल्या उंच पठारांवर पिकणारं. ते आमच्या पाचोड गावातल्या किराणा दुकानात मिळत नाही, आणि मिळालं नाही म्हणून अडतही नाही. कारण इथिओपियाच्या सखल भागात आणि पूर्वेला हरारच्या डोंगरउतारांवर शेतात डोलते ती ज्वारी. तिथल्या घरांतला इंजेरा ज्वारीचाच होतो, आणि ज्वारीला पाचोडमध्ये कोणी परकं म्हणणार नाही.

खरं तर ज्वारीच तिकडची. सुदानच्या पूर्व भागात, कसालाच्या बाजूला, उत्खननात मिळालेल्या मातीच्या खापरांवर ज्वारीच्या भुसाचे ठसे आढळले. पाच हजार वर्षांपूर्वीच तिथली माणसं रानातल्या ज्वारीला शेतात वळवू लागली होती, हे त्यावरून कळलं. तिथून समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली, त्यालाही साधारण चार हजार वर्षं झाली असतील. तिच्या मागेपुढे पश्चिम आफ्रिकेतून बाजरी आली, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतून नाचणी आली, चवळी आली. इतकंच काय, आपण ज्याची चटणी कुटतो ते कारळही इथिओपियाचं. त्याच्या शास्त्रीय नावातच त्या देशाचं जुनं नाव आहे, ॲबिसिनिका. मराठवाड्याचं जेवण म्हणून आपण जे छातीवर हात ठेवून सांगतो, त्यातलं अर्धं ताट त्या मातीतून आलेलं आहे. ज्वारी इथे सासरी आली आणि भाकरी होऊन घर धरून बसली. माहेरी राहिलेल्यांनी तिचा सुदानात पापडासारखा पातळ किस्रा केला आणि इथिओपियात जाड, मऊ, जाळीदार इंजेरा. म्हणून इंजेरा आपल्या घरात येतो तेव्हा मी त्याला परदेशी पदार्थ मानत नाही. ते ज्वारीच्या माहेरचं माणूस आहे.

आणि माहेरची माणसं इकडे पहिल्यांदा येत नाहीयेत. पाचोडहून पन्नासेक किलोमीटरवर जे शहर आहे, ज्याला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात, ते वसवलं इथिओपियात जन्मलेल्या एका माणसाने. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला, पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी गावाची राजधानी केली आणि जमिनीखालून पाणी खेळवणारी नहर बांधली. १६२६ मध्ये तो गेला. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्या जिल्ह्याचं मुख्य शहर हबशी माणसाने वसवलं, त्या जिल्ह्यात हबशी भाकरीचं कौतुक व्हायला इतका उशीर लागावा, याचंच मला आश्चर्य वाटतं.

आता त्याच्या स्वभावाकडे येऊ. ज्वारीचं पीठ ताजं हवं, बारीक दळलेलं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असेल तर भाकरी थापताना चिरते, आणि इंजेराही तसाच रुसतो. टेफच्या मानाने ज्वारीचा इंजेरा लवकर कडक होतो, घडी घालताना मोडतो. यावर इथिओपियातल्या बायकांनी शोधलेला उपाय ऐकला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण तो आपल्याच घरचा आहे. आंबलेल्या पिठातलं वाटीभर काढायचं, पाण्यात शिजवून त्याची खळ करायची, निववायची आणि पुन्हा मोठ्या भांड्यात ओतायची. भाकरीच्या पिठात आपण आधणाचं पाणी घालतो ते याचसाठी. शिजलेलं पीठ बाकीच्या पिठाला धरून ठेवतं. दोन खंडांतल्या दोन चुलींपुढे बसलेल्या बायकांनी ज्वारीची एकच खोड ओळखली आणि तिच्यावर एकच इलाज केला.

वर आलेलं पिवळं पाणी पूर्ण टाकून द्यायचं नाही. त्यातलं थोडं पुढच्या वेळच्या विरजणासाठी राखायचं. पाचोडच्या उन्हाळ्यात पीठ दीड-दोन दिवसांत तयार होतं, मे महिन्यात तर नजर हलवली की जास्तच आंबतं. पौष-माघात मात्र भांडं चुलीच्या उबेला ठेवावं लागतं. आंबील करणाऱ्या घराला यातलं काही शिकवावं लागत नाही.

तिकडे इंजेरा मातीच्या मोठ्या तव्यावर होतो. दोन हात लांबवून उचलावा एवढा त्याचा घेर. आपला भाकरीचा तवा लहान, म्हणून आपल्याकडचा इंजेरा धाकटा निघतो. तव्याला अर्धा कांदा चोळायचा, पीठ कडेपासून आत गोल-गोल ओतत आणायचं. क्षणभरात वर डोळे उघडायला लागतात. तिथले लोक त्या छिद्रांना डोळेच म्हणतात, आणि ज्या बाईच्या इंजेराला डोळे दाट तिचा हात चांगला असं मानतात. डोळे उघडले की झाकण ठेवायचं. वाफेवर वरची बाजू शिजते, कडा सुटतात, की उतरवायचा. उलथायचा नाही.

आमच्या घरातल्या आजीने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती उलथनं घेऊन पुढेच आली. ‘‘अगं, हे तं धिरडंच हाय की. मंग पालटीत का न्हाईस? एका अंगानं कच्चं राहीन ना!’’

‘‘आजी, याला पालटत नाहीत. वाफेवर होतं ते.’’

तिने बोटाने दाबून बघितलं, वास घेतला, तुकडा मोडून तोंडात टाकला. ‘‘आंबीलच हाय ही,’’ म्हणाली. ‘‘तव्यावरची आंबील.’’ याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

इंजेरा एकटा जेवत नाही. तो ताट होतो, चमचाही तोच होतो. दुरडीत किंवा परातीत तो पसरायचा आणि त्याच्याच अंगावर कालवणं वाढायची. तिकडच्या शिरोची कृती वाचली तर पाचोडची कोणतीही बाई म्हणेल, हे तर पिठलं. हरभऱ्याचं भाजलेलं पीठ, कांदा, लसूण, तिखट. फरक एवढाच, की तिथे त्या पिठात मसाला आधीच दळलेला असतो. पण धान्य-डाळी भाजून मसाल्यासकट दळून ठेवायची रीत आपल्याकडे येसराच्या रूपाने आहेच. लग्नातली येसर आमटी जेवलेल्या माणसाला शिरो नवा वाटणार नाही. तिथला दुसरा मानकरी मसुराचं झणझणीत वरण. त्यात पडतो बरबरे मसाला: लाल मिरची, मेथी, ओवा, कलौंजी, सुंठ, लवंग, आणि तिथलीच एक जंगली वेलची. ती वेलची आपल्याकडे नाही. मसाल्याच्या वेलदोड्यावर भागतं. बाकी सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यात निघतं. मिरचीही दोघांकडची उसनीच, अमेरिकेतून आलेली.

आमच्या घरी यात आमचा हात फिरतो, आणि तो फिरावाच असं माझं मत आहे. शिरोला मोहरी-जिऱ्याची फोडणी बसते. मसुरात थोडा काळा मसाला जातो. तिकडे लोण्यात मसाले घालून कढवतात. आपण तुपात मेथीदाणे, हळद आणि आलं घालून मंद आचेवर ठेवलं की त्याच्या जवळचा वास येतो. बाजूला पालकाची परतलेली भाजी आणि कारळाची चटणी. अंबाडी मात्र नको. ती चांगली असली तरी इंजेराच्या आंबटावर आणखी आंबट जमत नाही. ओघळणारी कालवणंही त्याला सोसत नाहीत. पिठलं घट्टच हवं, नाहीतर तो खालून विरघळतो.

तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्या दिवशी मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. म्हणून डाळी-भाज्यांचं हे शाकाहारी ताट तिथे इतकं भरलेलं असतं, आणि म्हणूनच ते माळकरी घरातही जसंच्या तसं चालतं. सगळे एकाच ताटात जेवतात. जेवताना एखाद्याने इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात कालवण गुंडाळायचं आणि शेजारच्याच्या तोंडात भरवायचं, ही तिथली प्रेमाची रीत. आपल्याकडे नवरा-नवरीला घास भरवायला लावतात आणि मग जन्मभर विसरतात. त्यांनी ते रोजच्या जेवणात ठेवलं, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

देणंघेणं एकाच दिशेचं झालेलं नाही. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधायला हजारो हिंदी मजूर नेले गेले. हिंदी मजूर, दुकानदार यांच्याबरोबर आपली चपाती तिकडे रुजली, आणि केनिया-युगांडात आजही तिला चपातीच म्हणतात. तिला तिथे घर मिळालं. मग इंजेराला इथे का मिळू नये?

हे मी कौतुकापोटी म्हणत नाही. पाचोडच्या शिवारात आता कापूस आहे, ऊस आहे, आणि मोसंबी तर इतकी की तिचा बाजार दूरवर माहीत आहे. ज्वारी मात्र बांधाबांधाने मागे सरते आहे. मुलं भाकरी बघून तोंड फिरवतात, डब्यात पोळी मागतात. भाकरी थापायची कला ज्या हातांत आहे ते हात म्हातारे होत चाललेत. गावातल्या बाया-मुलींच्या अंगात रक्त कमी असतं. पाचोडची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था कित्येक दशकं इथल्या आया आणि किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचं काम करते आहे, त्यामुळे गावाला हे वेगळं सांगायला नको. ज्वारीत लोह असतं, पण ते सहज अंगी लागत नाही. पीठ आंबवलं की त्याची अडवणूक करणारा भाग कमी होतो. आंबीलवाल्या आज्यांचं आणि इथिओपियातल्या बायकांचं शहाणपण इथेही एकच निघतं.

भाकरी थापता न येणारी मुलगीसुद्धा इंजेरा ओतू शकते. आमच्या घरातली, भाकरीला हात न लावणारी पोरं पिठल्यात बुडवून तो मागून-मागून खातात. ज्वारी पोटात जाते, हे मला पुरेसं आहे.

बाजारात झटपट इंजेराच्या कृती फिरतात: पिठात सोडा, वर लिंबू, दहा मिनिटांत तयार. त्याला जाळी पडते, पण तो इंजेरा नव्हे. त्यात ना त्याची चव, ना आंबवण्याचा गुण. तेव्हा यंदा रब्बीची मालदांडी ज्वारी घरात आली की त्यातलं थोडं दळण वेगळं काढा, दोन-तीन दिवस झाकून ठेवा, घट्ट पिठलं करा, आणि सोड्याला हात लावू नका.