नळीमागच्या रेघा

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, देवरी-सालेकसाच्या बाजूला, सरकारी डॉक्टर म्हणून माझी बरीचशी नोकरी झाली. लोकांनी विश्वास टाकला, मान दिला. पण रोग ओळखण्याचं जे काही थोडंफार मला येतं, त्यात माझं स्वतःचं काय ते शोधू गेलो तर हाती फारसं लागत नाही. ते कुणाकुणाकडून आलं, हे एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. धानाची रोवणी सुरू झाली की दवाखान्यात एक ठरावीक गर्दी व्हायची. दिवसभर चिखलपाण्यात वाकून आलेल्या बाया, विशीतली मुलं, कधी शाळकरी पोरं. हातपाय ठणकतात, कंबर धरली, डोळे पिवळे, अंगात कणकण. कुणी वात म्हणे, कुणी हिवताप, कुणी कावीळ. मलाही याहून वेगळं काही सुचत नसे. यातल्या काहींना सिकलसेल असू शकेल, हे डोक्यातच येत नसे. सिकलसेल मी शिकलो होतो तो परीक्षेपुरता: विळ्यासारख्या तांबड्या पेशींचं चित्र, १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केलेलं पहिलं वर्णन, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार असा शेरा. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. घरापासून काही तासांच्या अंतरावर लागलेला शोध मी परदेशी समजत होतो.

डोळे उघडले ते आमच्या केंद्रातल्या लॅब टेक्निशियन काकांमुळे. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, एक खिडकी, एक फ्रिज. सिकलची सोल्युबिलिटी टेस्ट ते त्या खिडकीशी करायचे. नळीत द्रावण घ्यायचं, बोटाच्या टोकातून काढलेलं थेंबभर रक्त त्यात सोडायचं, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे.

एवढी साधी तपासणी. पण काका रोज सकाळी पहिल्यांदा दोन नळ्या वेगळ्याच लावायचे: एक माहीत असलेल्या सिकल रुग्णाच्या रक्ताची, एक निरोगी माणसाची. पहिलीत रेघा बुडाल्या आणि दुसरीत दिसल्या, तरच पुढचं काम. द्रावणातलं डायथायोनाइट हवा लागली की निकामी होतं. बाटलीचं झाकण नीट बसलं नसेल तर खरा रुग्णही निर्दोष ठरून घरी जाईल, ही त्यांची काळजी. पावसाळ्यातल्या एका दिवशी त्यांची ती पहिली नळी गढूळच होईना. बाहेर लांबलांबच्या टोल्यांवरून पायी आलेली माणसं बसलेली. मी म्हटलं, काका, आजचं करून टाका. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आज रिपोर्ट देत नाही. नवीन बाटली आणवतो, उद्या सगळ्यांचं करतो.” बाहेर जाऊन त्यांनी स्वतः एकेकाला समजावून सांगितलं.

तपासणीचीच आधी तपासणी करायची असते, हे मला कॉलेजात कळलं नव्हतं. ते त्या खिडकीशी कळलं. गढूळ नळी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे सांगत नाही, हेही काकांनीच शिकवलं. त्यासाठी रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवावं लागतं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला एकच घटक बदललेला असतो. त्यामुळे विजेच्या प्रवाहात सिकलचं हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा मागे राहतं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा फरक दाखवला, तेव्हा एखाद्या रोगाचं मूळ एका रेणूत सापडल्याची ती पहिली वेळ होती. काकांना पॉलिंग माहीत नव्हते. पण वाहक मुलीला कुणी चुकून रुग्ण म्हटलं तर तिचं लग्न अडतं, आणि नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे ते घरच्यांना जितक्या हळुवारपणे सांगत, तितकं मला आजही जमत नाही.

यानंतर मला स्वतःच्या हातांबद्दल प्रश्न पडायला लागले. रसायनाची बाटली रोज तपासायची, मग डॉक्टरचा डोळा का नाही? पापणी खाली ओढून मी “रक्त कमी आहे” म्हणतो, ते कितपत खरं असतं? याचं उत्तर सेवाग्रामला मिळालं. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभ्या केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं होतं. पापणी, जीभ, तळहात, नखं यांचा फिकटपणा तपासणाऱ्यांनी एकमेकांना न विचारता नोंदवायचा आणि मग तो प्रयोगशाळेतल्या हिमोग्लोबिनशी ताडून पाहायचा. २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फिकटपणा तीव्र रक्तक्षयाच्या बाबतीत उपयोगी पडतो, सौम्य रक्तक्षयात मात्र डोळ्यावर विसंबता येत नाही. यकृत वाढलं आहे का, हे हाताने चाचपून सांगण्याचाही त्यांनी सोनोग्राफीशी मेळ घातला, आणि हात फारसा भरवशाचा ठरला नाही. हे निबंध वाचताना मला वाईट वाटलं नाही, आधार वाटला. आपल्याच वर्ध्याच्या वॉर्डात, आपल्यासारख्याच शेतकरी-मजूर रुग्णांजवळ बसून कुणीतरी हे इतक्या निष्ठेने तपासलं होतं. मी त्या लेखकांना कधी भेटलो नाही. तरी त्यांना मी माझे शिक्षक मानतो.

गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेव्हापासून शिकाऊ डॉक्टर आमच्याकडे आले की मी सेवाग्रामचीच रीत वापरतो. दोघांनी एकाच रुग्णाला वेगवेगळं तपासायचं, चिठ्ठीवर लिहायचं, मग चिठ्ठ्या उघडायच्या. दोघांचं पटलं नाही की खरं शिकणं सुरू होतं. हिमोग्लोबिन किती निघेल, हा अंदाज रिपोर्ट येण्याआधी लिहायचा, हा नियम मी त्यात घातला. नंतर लिहिलेल्या अंदाजाला काही किंमत नसते.

आमच्या एका आशाताईंचंही मोठं देणं आहे. बाळ खोकतंय म्हटल्यावर मी आधी स्टेथोस्कोप काढायचो. त्या आधी बाळाच्या पोटावरचं फडकं बाजूला करायच्या आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायच्या. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. तितके किंवा त्याहून जास्त भरले तर न्यूमोनिया समजायचा. बाळ रडायला लागलं की त्या थांबत, आईला पाजायला सांगत, आणि पहिल्यापासून मोजत. ही मोजणी गावातली बाई करू शकते, हे शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलं. लिहितावाचता न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी मणी आणि वाळूच्या घड्याळाचं साधन केलं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. काही गावांत उपचार, काही गावं तुलनेला, अशी मांडणी करून गावपातळीवरच्या उपचाराने बालमृत्यू घटतात हे त्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. १९९९ साली त्यांनी घरच्या घरी होणाऱ्या नवजात बाळाच्या काळजीबद्दल लिहिलं, आणि आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जातात त्या त्याच आधारावर. स्टेथोस्कोपच्या आधी मिनिटभर नुसतं बघायचं, ही सवय मला लागली ती ताईंच्या शेजारी बसून.

सगळ्यात मोठं ऋण मात्र काही मुलांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं आहे. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कॅन्सरचं औषध. सिकलसेलच्या मोठ्या माणसांत त्याने दुखण्याचे झटके कमी होतात, हे अमेरिकेत १९९५ साली दिसलं. पण तिकडची रीत अशी की सोसेल तिथवर डोस वाढवत न्यायचा आणि पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना, हे सारखं रक्त तपासून पाहायचं. आमच्याकडे एका रक्ततपासणीला एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं लागतं. म्हणून हे औषध लिहायला माझा हात धजत नसे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेली साठ मुलं घेतली. अर्ध्यांना वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम असा कमी आणि कायम तेवढाच डोस, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे आईवडिलांना कळत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. औषध घेणाऱ्या मुलांचे झटके, रक्त चढवणं, भरती होणं, सगळं स्पष्ट कमी झालं. २०१२ साली ते छापून आलं. माझ्या रुग्णांना मी जी गोळी देतो, तिचा आधार तो अभ्यास आहे.

२०२३ च्या जुलैत शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि गावोगाव तपासण्या वाढल्या, याचा मला आनंद आहे. पण हातात रुग्ण असल्याचं लाल कार्ड पडलं म्हणजे काम संपलं असं होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. सालेकसाकडच्या एका आईला मी मुलासाठी ही गोळी सुचवली, तेव्हा तिने सरळ विचारलं, “साहेब, हिने गुण येते हे तुम्हाला कसं माहीत?” मी तिला नागपूरच्या साठ मुलांचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ज्यांच्या वाट्याला रिकामी गोळी आली, त्यांच्या मायांनी कसं हो म्हटलं असेल?”

मी म्हटलं, “ताई, त्यांनी हो म्हटलं आणि त्यांच्या लेकरांचं दुखणं कुणीतरी मोजून लिहून ठेवलं, म्हणून तुमच्या लेकराला ही गोळी द्यायची मला हिंमत होते.”

तिने गोळी सुरू केली. मुलाला दुखलं त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारायची, असं मी सुचवलं होतं. ती दर वेळी ते कॅलेंडर गुंडाळून सोबत आणते. रक्ताचा रिपोर्ट आणि तिच्या फुल्या शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोघं मिळून पुढच्या महिन्यांचं ठरवतो, आणि शिकाऊ डॉक्टर हजर असले तर ते कॅलेंडर त्यांनाही दाखवू का, असं मी आधी तिला विचारतो.