पोस्टकार्डाची पाठ, फोटोची पार्श्वभूमी

मुंबईचे जुने चित्र-पोस्टकार्ड हाती आले की प्रथम ते उलटून पाहावे. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत पाठीमागे केवळ पत्ता लिहिण्याची मुभा असे; मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. पुढे रेघ मारून दुभागलेली पाठ रूढ झाली. मग चित्राकडे वळावे. ट्रामला घोडे जुंपलेले असतील, तर छायाचित्र १८७४ च्या आधीचे नाही. ट्राम विजेची असेल, तर मे १९०७ च्या आधीचे नाही. टपालाच्या शिक्क्यावर मात्र भिस्त ठेवू नये. मुद्रक जुनीच छायाचित्रे वर्षानुवर्षे छापीत राहत.

ही कार्डे बहुतांशी साहेबाने मायदेशी धाडण्याची वस्तू. म्हणून त्यांवर व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, ताजमहाल हॉटेल यांचीच दाटी. गिरणगावातली चाळ पैसे मोजून कोण विकत घेणार? ती सापडते कुटुंबाच्या फोटोत, आणि तीही नकळत: नवदांपत्यामागे गॅलरीचा लाकडी कठडा, दोरीवरची धुणी, कोपऱ्यात गिरणीचे धुराडे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या, धुराडी पडली, तेथे टोलेजंग मनोरे उठले. छायाचित्रकाराने ज्याकडे लक्षही दिले नसेल, तोच कोपरा आता पुरावा ठरतो.

अशा फोटोची पाठ बहुधा कोरी असते. माणसे ओळखणारी आजी घरात आहे तोवर तिच्याकडून नावे, चाळ आणि साल विचारून मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.