एकनाड खोटी कशी ठरेल?

2008 मध्ये जयंत नारळीकरांनी पुण्यात फलज्योतिषाची परीक्षा घेतली. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे होते. 100 हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली 100 मुलं, अशा 200 पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका देऊन विचारायचं, यातली कोणती कोणत्या गटातली? निकष आधीच ठरला होता. नुसतं नाणं उडवलं तरी साधारण 20 बरोबर येतात. 28 आली, तर दाव्यात दम आहे असं मानायचं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली. सर्वाधिक 24, सरासरी 20 च्याही खाली. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या, त्यातल्या 102 बरोबर आल्या.

हे सगळं मी आईला वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सांगत होतो, कारण माझं लग्न नाडीवर अडलंय. मुलगी पसंत, घर पसंत, पण आमची एकनाड. गुरुजी म्हणाले, संततीला त्रास.

आई शांतपणे म्हणाली, "त्या परीक्षेत लग्नाचा प्रश्न होता कुठे?"

मुद्दा बरोबर होता. हुशारी ओळखता आली नाही म्हणून नाडीही खोटी, असं आपोआप ठरत नाही. मग मी म्हटलं, नाडीचीच परीक्षा घेऊ. 27 नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत 9. म्हणजे पत्रिका न बघता लग्न केलेल्या जोडप्यांत साधारण दर तिसरं जोडपं एकनाडीचं निघेल. त्यांच्या मुलांना खरंच जास्त त्रास आहे का, मोजता येईल.

"आणि जास्त निघाला तर?"

"तर मी नाडी मानेन."

"हे मोजेपर्यंत तू पन्नाशीला येशील," ती हसली. मग विचारलं, "उद्या वाघेश्वराचीही परीक्षा घेशील?"

"तू त्याच्याकडे काय मागतेस?"

"काही नाही. सोमवारी जाऊन बसते. बरं वाटतं."

यात तपासण्यासारखं काही नाही, आणि हा तिच्या श्रद्धेचा दोषही नाही. कार्ल पॉपरने 1934 मध्ये विज्ञानाची ओळख सांगितली ती अशी, की विधान कशाने खोटं ठरेल हे सांगता आलं पाहिजे. जे तसं नाही ते निरर्थक, असं त्याचं म्हणणं नव्हतं. आईचं देवळात बसणं कुणाचं लग्न मोडत नाही. गुरुजींचं वाक्य मोडू शकतं, म्हणून त्याला हा प्रश्न विचारायलाच हवा.

विज्ञानातही माणसं हट्टी असतात. स्थिर विश्वाच्या सिद्धांताला 1965 मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाच्या शोधाने मोठा धक्का दिला, तरी नारळीकर त्याची सुधारित मांडणी करत राहिले. पण ती मांडणी इतरांना तपासता येत होती, खोडता येत होती.

दोन दिवसांनी आईने स्वतःच गुरुजींना फोन लावला. एकनाड असून सुखात असलेल्या एका नातेवाइकांच्या जोडप्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "इतर ग्रहांनी तारलं असेल."

फोन ठेवून ती म्हणाली, "म्हणजे काहीही झालं तरी यांचं बरोबरच."

होकार तिने अजून दिलेला नाही. पण रविवारी मुलीच्या घरच्यांना जेवायला बोलावलंय.